पांढऱ्या भातातला दाणा

असं समज, की तू अकरा वर्षांची आहेस. सकाळची वेळ आहे. गुडघ्यांखालची फळी गार पडली आहे. ओलं फडकं दोन्ही तळव्यांखाली दाबून, पाठ वाकवून, तू घराचा लांबलचक बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत चालली आहेस. वरच्या मजल्यावर अजून सगळ्या झोपल्या आहेत, म्हणून आवाज करायचा नाही. या घरात सहा बायका राहतात आणि एकीचंही दुसरीशी रक्ताचं नातं नाही. तरी घराच्या मालकिणीला सगळ्या ‘आई’ म्हणतात आणि आपल्याआधी आलेल्या प्रत्येकीला ‘ताई’. तुझ्यानंतर या घरात कोणी आलेलं नाही, म्हणून तुला मात्र कोणीच ताई म्हणत नाही.

दिसलं सगळं? मग आता तुझं नाव तोमे. उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यातून तू नवव्या वर्षी क्योतोला आलीस, कामो नदीजवळच्या गल्लीत, गेइशांच्या या घरी. पुढे तू नाच शिकशील, गाणं शिकशील. सध्या फडकं.

मी त्या घरात शामिसेन शिकवायला जात असे. तीन तारांचं वाद्य, पण मुलींना तीस तारांएवढं रडवतं. तोमे मला ‘बाई’ म्हणायची आणि पोटात काही राहत नसल्यामुळे सगळं येऊन मला सांगायची. म्हणून ही गोष्ट मला ठाऊक आहे.

त्या घरात सातोहारु नावाची एक ताई होती. अठ्ठावीस वर्षांची, नाचात गल्लीतली पहिली, आणि चालताना इतकी हलकी की मांजराला तिचा राग यावा. तोमेच्या वाट्याचं सगळ्यात मोठं काम या ताईचंच होतं. संध्याकाळी ताई सजून, किमोनोचा घोळ डाव्या हातात धरून दाराशी उभी राहिली, की तोमे तिच्या उजव्या खांद्यामागे चकमक झाडायची. दोन ठिणग्या उडाल्या म्हणजे वाटेवरची इडापिडा टळली.

“जाऊन येते,” ताई म्हणायची.

“लवकर ये,” तोमे म्हणायची.

रोज तेवढंच. पण एखाद्या दिवशी चकमक दुसऱ्या कोणी झाडली, तर तोमे दोन दिवस जेवणावर राग काढायची.

आमच्याकडे मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, की तिला एका ताईशी बांधतात. दोघी एका पेल्यातून घोट घेतात आणि ताई आपल्या नावाचा अर्धा तुकडा धाकटीला देते. तेवढ्या तुकड्यावरून जन्मभर लोक ओळखतात, ही कोणाची. एकदा थंडीत शेगडीपाशी बसल्या असताना तोमेने विचारलं, “ताई, माझं नाव काय ठेवशील?”

“आधी नाक पूस. शेंबड्या मुलींना नाव नसतं.”

तोमेने बाहीला नाक पुसलं. ताईने चिमटा घेतला आणि शेगडीतल्या राखेत लिहिलं: सातोनामि. सातो आपल्या नावातलं, आणि नामि म्हणजे लाट.

“समुद्राकडची ना तू, म्हणून. अजून चार वर्षं आहेत. कोणाला सांगायचं नाही, काय?” आणि तिने राख सारखी करून टाकली.

तासाभरात ते नाव मला कळलं होतं.

पण चार वर्षं मिळालीच नाहीत. त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत सातोहारुचं लग्न ठरलं. मात्सुए गावचा नोगिवा तेइकिची, घड्याळं दुरुस्त करणारा, थोडा वाकून चालणारा, चाळिशीला टेकलेला माणूस. घड्याळवाल्यांच्या मेजवानीला आला होता आणि दारूला शिवलासुद्धा नव्हता. त्याच्यात काय पाहिलंस, असं मी तिला विचारलं.

“बाई, नाचून खाली बसले, तर त्यांनी विचारलं, तुम्हाला दाराचा वारा लागतोय का? आणि उठून जागा बदलली. मी दहा वर्षांची असल्यापासून इथे आहे. हे मला कोणी विचारलं नव्हतं.”

तेइकिचीचं हे दुसरं लग्न. पहिली बायको माहेरी जाऊन येते म्हणून गेली, ती परत आलीच नाही. त्याला लहानाचा मोठा केला तो त्याच्या आत्याने, आणि ही आत्याबाई मात्सुएहून खास मुलगी पाहायला आली. सुकलेल्या आल्यासारखी छोटीशी, तिखट बाई. तिने सातोहारुला नाच विचारला नाही, गाणं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “तुमच्याकडच्या भाताची रीत मी ऐकली आहे. भात वाटशील, तेव्हा एक डबा मला दे. तो मी घरी नेऊन आमच्या वाडवडिलांपुढे ठेवीन.”

भाताची रीत काय, हे तोमेला तोवर माहीत नव्हतं. ते तिला स्वयंपाकाच्या ओतात्सुमावशीने मुळे किसता किसता सांगितलं. हे घर सोडून जाणारी बाई गल्लीतल्या चहाघरांना, गुरूंना, थोरल्या ताईंना भाताचे डबे देते. भात नुसता पांढरा असेल, तर ती कायमची चालली, परत यायची नाही. भातात तांबडी चवळी असेल, तर परतीची वाट तिने उघडी ठेवली आहे.

“पलीकडच्या घरच्या उमेकिकुने तांबडा भात वाटला,” मावशी म्हणाली, “आणि दीड वर्षात तांबडे डोळे घेऊन परत आली. चवळी वाया गेली नाही बघ.”

“आणि पांढरा भात दिला, तर कधीच येता येत नाही?”

“तोंड कुठलं दाखवणार? कायमची चालले म्हणून सगळ्या गल्लीला जेवू घातलेलं असतं ना.”

“भेटायलासुद्धा नाही?”

“तू मुळा धरतेस की मीच धरू?”

त्या महिन्यात सातोहारु दुपारी ओतात्सुमावशीपाशी बसून शिवण शिकत होती. रेशमात वाढलेली बाई, सुई कशी धरावी तेही तिला ठाऊक नव्हतं. निळ्या रेघांच्या जाड सुती कापडाचा साधा किमोनो ती स्वतः शिवत होती, मात्सुएला गेल्यावर घरात घालायला. गळपट्टी गोळा झाली होती, एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब होती.

“ताई, हा किमोनो आहे की पोतं?” तोमे म्हणाली.

“पोतंच आहे. मी यात बसणार, तोंड बांधून घेणार आणि मात्सुएच्या गाडीत पडून राहणार.”

दोघी खूप हसल्या. मग तोमेने खाली बघत विचारलं, “ताई, भात कसला करायचा?”

ताईने दोरा दाताने तोडला. “पांढरा,” ती म्हणाली. “सगळा पांढरा.”

ताई तिच्यावर रागावली नव्हती की तिला विसरली नव्हती. तिला फक्त जायचं होतं, मनापासून जायचं होतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की ताईला माझ्याकडे परत यायचं नाही.

भात वाटायचा दिवस पंधरा तारखेचा निघाला. दाराच्या वरची सातोहारुच्या नावाची लाकडी पाटी आईने सकाळीच उतरवून फडताळात ठेवली. पहाटेपासून भाताची भांडी उतरत होती. बेचाळीस लाखेचे डबे दोन रांगांत मांडून मावशीने ते ओल्या हाताने भरले आणि तोमेच्या हातात पंखा दिला. “वारा घाल. वाफ जाऊ दे, नाहीतर झाकणाला घाम येतो. मी दोऱ्या घेऊन येते.”

महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी घरात चवळीभात खायची पद्धत होती. त्यामुळे दुसऱ्या चुलीवर, घरच्यांपुरती, तांबडी चवळी शिजून तयार होती.

तोमेने मला नंतर सांगितलं, की ती आधी फक्त बघत होती. मग तिला वाटलं, एकच दाणा. प्रत्येक डब्यात एक, मधोमध, बोट जाईल तितका खोल. वरून भात पांढराच दिसेल, ताईचा शब्दही मोडणार नाही, आणि तरी वाट मात्र उघडी राहील. तिने बेचाळीस दाणे मोजून घेतले आणि एकेक करत पुरले. वरचा भात बोटाने सारखा केला. मावशी दोऱ्या घेऊन आली, तेव्हा पोर पंखा हलवत होती.

पण चवळी शिजली, की तिचा रंग जागेवर राहत नाही आणि भात तर गरम होता.

मला माझा डबा तोमेनेच आणून दिला. दुपारी मी झाकण काढलं. पांढऱ्याशुभ्र भाताच्या मधोमध गुलाबी डाग उमटला होता, तान्ह्या बाळाच्या गालासारखा. जेवायच्या काड्यांनी उकरलं, तर आत एकच दाणा. खरं सांगते, मला आनंद झाला. सातोहारु शहाणी आहे, मी म्हटलं, दार किलकिलं ठेवून चालली आहे. पंधरा वर्षं शिकवलेली मुलगी जन्मात पुन्हा दिसणार नाही, हे मलाही नकोच होतं. तो दाणा मी चवीने खाल्ला. गल्लीतल्या किती जणींनी तसाच खाल्ला असेल.

आभार मानायला मी तिसऱ्या प्रहरी त्यांच्या घरी गेले आणि पाठोपाठ आत्याबाई आली. तिने गाठोडं सोडलं, डबा आई आणि सातोहारुसमोर ठेवला आणि झाकण काढलं.

“हे काय आहे?”

आईने वाकून पाहिलं. “अगंबाई. आज पंधरा तारीख ना. दुसऱ्या भांड्यातला चुकून पडला असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून येताना कोपऱ्यावरच्या चहाघरात विचारलं. तिच्या डब्यात एक. शेजारणीच्या डब्यात एक. दोन्ही मधोमध. मी म्हातारी आहे, पण आंधळी नाही हो.”

तेवढ्यात तोमे चहा घेऊन आली. तबक खाली ठेवताना पेले एकमेकांवर वाजले. सातोहारुने तिच्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तांबडं झालं होतं, आणि नखाखाली भाताचं शीत सुकलेलं होतं.

मी सातोहारुचा चेहरा पाहत होते. तिला सगळं कळलं. तिने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली लावलं.

“आत्याबाई, दाणे मीच घातले.”

“का?”

“भीती वाटली.”

आत्याबाई बराच वेळ तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. ती ओरडली असती, तर बरं झालं असतं.

“भीती मलाही वाटते, पोरी,” ती म्हणाली. “आमच्या घरातून एक ‘जाऊन येते’ म्हणून गेली. तिचे जोडे तेइकिचीने सहा वर्षं दाराशी ठेवले होते. आता दुसरी येणार, ती येतानाच परतीची वाट बांधून. नाही. त्याला पुन्हा वाट बघायला लावणार नाही मी. उद्या सकाळच्या गाडीने जाते.”

ती गेली. डबा तिथेच राहिला. आईने सुस्कारा सोडला. तो अगदीच दुःखाचा नव्हता. घरातली पहिल्या नंबरची नाचणारी घरातच राहिली होती. “तोमे,” ती म्हणाली, “ताईची पाटी आण आणि लाव जागेवर.”

आता तू सांग, तोमेला काय वाटलं असेल? ताई राहिली. चकमक राहिली, राखेतलं नाव राहिलं. तिने मागितलं होतं ते सगळं मिळालं. पाटी लावताना तिला स्टुलावर चढावं लागलं, आणि मी स्टूल धरलं होतं. उतरल्यावर तिने पाटीकडे एकदाही वर पाहिलं नाही.

आत गेलो, तर सातोहारु खिडकीपाशी बसून तो निळ्या रेघांचा किमोनो उसवत होती. आधी गळपट्टी, मग लांब बाही. टाका-टाका कापत होती आणि कापडाचे तुकडे गुडघ्यावर सपाट करत होती.

“ताई...” तोमे दारातच उभी राहिली.

“कापड चांगलं आहे,” ताई म्हणाली. आवाज अगदी रोजचा. “पाणी छान शोषेल. तुला फडकी होतील.” एक तुकडा तिने तोमेच्या हातात दिला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “नाक पूस.”

बस. ना राग, ना प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या झोपल्या असताना, तोमेने बादली भरली, नवं फडकं पाण्यात बुडवलं आणि बोळाच्या टोकाशी गुडघे टेकले. हाताखाली निळ्या रेघा. त्यात सुईची भोकं, वाकडीतिकडी, जिथे ताईने रोज दुपारी टाके घातले होते. तोमेने फडकं एक हात पुढे सरकवलं आणि थांबली. तिला ते पुढे नेता येईना.

ती उठली. फडकं पिळून शेगडीवर वाळवलं. मग तिने मापभर तांदूळ घेतले आणि पाणी नितळ होईपर्यंत धुतले.

मी देवळातून परत येत होते. पुलावर समोरून तोमे आली, दोन्ही हातांत छातीशी धरलेलं गाठोडं, निळ्या रेघांच्या ओलसर कापडात बांधलेलं.

“कुठे गं?”

“धर्मशाळेत. त्या आत्याबाईंकडे.” आणि तिथे पुलावर, न थांबता, तिने मला सगळं सांगितलं. चवळी, पंखा, बेचाळीस.

“आईला कळलं, तर तुला गावाला पाठवतील,” मी म्हटलं.

“बाई, गाडी किती वाजता असते?”

एकट्या पोरीला धर्मशाळेत कोणी आत घेतलं नसतं. मी तिच्याबरोबर गेले. तिला मागे वळव, असंही एकदा मनात आलं, हे कबूल करते.

आत्याबाई प्रवासाचे कपडे घालून बसली होती. तोमेने समोर गाठोडं सोडलं, डबा काढला, झाकण उघडलं. मग काड्या घेऊन तिने भात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फोडून दाखवला. तळापर्यंत पांढरा.

“हा ताईचा भात आहे,” ती म्हणाली. “कालचा माझा होता.” आणि तिने तांबडं नख पुढे केलं.

आत्याबाईने नख पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. “मग तिने स्वतःवर का घेतलं?”

“मला घालवून देतील म्हणून.”

“आणि आता नाही घालवणार?”

“घालवतील,” तोमे म्हणाली.

आत्याबाईने खाली पडलेलं कापड उचललं. “हे कसलं?”

“ताईने तुमच्या घरी घालायला शिवलं होतं. चांगलं नव्हतं जमलं. काल उसवून टाकलं.”

म्हातारी ते कापड उजेडात धरून बसली. सुईच्या भोकांवरून तिचं बोट पुढे गेलं, परत मागे आलं. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली. ती उठली नाही. शेवटी तिने कापडाची नीट घडी केली, मांडीवर ठेवली आणि काड्या हातात घेतल्या.

“इकडे बघ, मुली. मी हा भात घेतला, तर ती आमची झाली. मग ती परत यायची नाही. कधीच नाही. तुला ठाऊक आहे ना?”

तोमेने मान डोलावली.

“भेटायलासुद्धा नाही.”

तोमेचं नाक वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

“मग सांग. खाऊ?”

तोमेने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि आत्याबाईच्या आणखी जवळ नेऊन ठेवला.